पिंग वाढल्यास घ्यावयाची काळजी

दबा धरून बसलेला आपला गडी ऐन मोक्याला जागच्या जागी धावू लागणे, मग भिंतीत शिरणे, आणि आपण मघाशीच मेलो होतो हे तीन सेकंदांनी कळणे, ही लक्षणे दिसताच पिंग वाढला असे समजावे. सर्व्हरला हाक मारल्यापासून त्याची ओ ऐकू येईपर्यंतचा वेळ म्हणजे पिंग. तो ३० मिलिसेकंद असला तर माणूस सुस्वभावी असतो. ३०० झाला की जेवायला बोलावणाऱ्या आईवर खेकसतो. सदर सूचना डोंबिवलीच्या एका टू बीएचकेत, पाच माणसे, तीन भिंती व एक लोखंडी कपाट यांच्या सान्निध्यात तपासून घेतल्या आहेत.

१. दोषी शोधू नये. "नेट कोण वापरतंय?" असे ओरडल्यास चारही दिशांनी "मी नाही" असे उत्तर येते. आई फक्त मालिका बघत असते, ताई फक्त मीटिंगमध्ये असते, आजी फक्त नागपूरच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलत असते. यातले काहीही 'नेट वापरणे' या सदरात मोडत नाही. नेट फक्त गेम खेळणारा वापरतो.

२. कंपनीचा माणूस आल्यास चहा द्यावा, आशा ठेवू नये. तो राऊटरला मोबाइल जवळजवळ टेकवून म्हणेल, "सर, शंभरचे शंभर येतायत." तो खोटे बोलत नसतो. यावर बाबा ३००चा प्लॅन घ्यायला निघतील, त्यांना आवरावे. प्लॅनने नळाची जाडी ठरते. नळ सोडल्यावर पाणी यायला किती वेळ लागतो ते पिंगवर दिसते. चालू खेळाला एक एमबीपीएससुद्धा पुरून उरतो. पेलाभर पाण्यासाठी नळ तिप्पट जाड करून फरक पडत नाही.

३. राऊटरचे स्थान पाहावे. तो घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्यावर हवा. प्रत्यक्षात केबलवाल्याने जिथे भोक पाडले तिथेच, म्हणजे चपलांच्या रॅकवर, तो आढळतो. आमच्याकडे त्यावर आजीने विणलेला रुमाल होता आणि शेजारी माशांची टाकी. रुमालाने लहरी अडत नाहीत, पण राऊटर तापतो. लहरी खाते ती टाकी, कारण पाणी त्या शोषून घेते. टाकीतून उरलेल्या लहरी पुढे आरशाच्या लोखंडी कपाटावर आपटतात. त्यातून जे काही माझ्या खोलीत पोहोचे, त्याला प्रसाद म्हणणे योग्य.

४. पापड भाजण्याची वेळ ठरवून घ्यावी. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि जुना वाय-फायही २.४च्या पट्ट्यात. पापड ४५ सेकंदांत होतो; तेवढ्यात एक राउंड सहज हरता येतो. याच पट्ट्यात अख्खी इमारत असते. माझ्या फोनला शेजाऱ्यांची सतरा नेटवर्क दिसतात. वाय-फायचा नियम असा की एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलावे, बाकीच्यांनी थांबावे. सोसायटीच्या सभेत हा नियम कोणी पाळत नाही. राऊटर बिचारे पाळतात, म्हणून खोळंबा होतो. १, ६ व ११ हे चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. त्यातला कमी गर्दीचा निवडावा. जमल्यास ५ गिगाहर्ट्झवर जावे. तिथे गर्दी कमी आणि पापडाचा उपद्रव नाही. मात्र त्या लहरी भिंतीपुढे लवकर दमतात.

५. भांडण्यापूर्वी हद्द ठरवावी. कॉम्प्युटरवरून आधी राऊटरलाच पिंग करावे. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. दहा पावलांवरच्या राऊटरची ओ कधी ३ आणि कधी २०० मिलिसेकंदांनी येत असेल तर दुखणे घरातले आहे, कंपनीला शिव्या देऊ नयेत. उत्तर झटपट आणि एकसारखे येत असेल तर खुशाल द्याव्यात. पण त्याआधी आपण कोणता सर्व्हर निवडलाय तेही बघावे. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद देवालाही लागणारच.

६. बाबांच्या फोटोंवर लक्ष ठेवावे. आमच्याकडे रोज रात्री नऊला पिंग चढायचा. नऊला बाबा फोन चार्जिंगला लावत, आणि महाबळेश्वरचे सगळे फोटो आपोआप वर चढू लागत. पास काढायच्या खिडकीवर पुढचा माणूस अख्ख्या ऑफिसचे पास काढतोय आणि आपण एका तिकिटासाठी मागे उभे आहोत, तशी गेमची चिमुकली पाकिटे फोटोंच्या मागे ताटकळतात. राऊटरमध्ये अशा पाकिटांना रांगेत पुढे घेणारी क्यूओएस नावाची सोय असल्यास ती चालू करावी. नसल्यास बाबांना "बॅटरी रात्री चार्ज केली तर लवकर खराब होते" असे सांगून पाहावे. माझ्या बाबतीत, "तुला कोणी सांगितलं?" एवढेच उत्तर आले.

७. अखेरचा उपाय: वायर. वरील सर्व करून पिंग हलला नाही, तर हॉल ते बेडरूम कॅट सिक्स केबल टाकावी. ती १०० मीटरपर्यंत चालते. आपले घर तेवढे नाही. राऊटरची ओ एका मिलिसेकंदाच्या आत येते, टाकी, कपाट, पापड सगळे निष्प्रभ होतात. खरे तर पहिली पायरी हीच. पण घरात ती शेवटीही मंजूर होत नाही. "हॉलमधून वायर? पाहुणे काय म्हणतील?"

म्हणून मुहूर्त पाहावा. गणपतीत त्याच हॉलमधून दिव्यांच्या माळांच्या सात वायरी जातात आणि पाहुणे 'काय सुंदर आरास!' म्हणतात. आठवी कोणी मोजत नाही. मी ती गेल्या वर्षी मखरामागून नेली आणि विसर्जनानंतर फक्त सात काढल्या. तेव्हा यंदा सजावटीच्या यादीत, झेंडूच्या तोरणांखाली, वीस मीटर केबल आठवणीने लिहावी.