गुंजेचा हिशेब, वितीचा नेम

माझ्या काडतुसातली पावडर मी ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजतो. हे वाक्य मी आमच्या विस्कॉन्सिनातल्या मराठी मंडळींना गणपतीत ऐकवलंय, दिवाळीत ऐकवलंय आणि एका बारशात पाळण्याशेजारी उभं राहूनही ऐकवलंय. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो आदराचा असतो असं मी धरून चालतो.

काडतुसं मी घरीच भरतो. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, साच्यातून काढून मूळ मापावर आणायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर घालायची, वर गोळी बसवून तोंड आवळायचं. एवढाच कारभार. वीस काडतुसांचं खोकं दुकानात तयार मिळतं. पण माझ्या विंचेस्टर ९४ ला काय मानवतं हे कारखान्याला काय कळणार? ही रायफल जॉन ब्राउनिंगनं आखली, १८९४ साली ती आली, आणि पुढच्याच वर्षी तिला थर्टी-थर्टी काडतूस मिळालं. तेव्हापासून इथल्या कित्येक पिढ्यांनी तिनं हरणं मारली, माझा सल्ला न घेता. त्याचंच मला वाईट वाटतं.

आता वजनाबद्दल थोडं बोलू द्या. नाही दिलंत तरी बोलणार आहे. आम्ही कोल्हापूरच्या गुजरीतले सोनार. इंग्रजांनी ठरवलेला तोळा १८० ग्रेनांचा. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून थोडी जास्त. माझी १७० ग्रेनांची गोळी तोळ्याला सव्वापाच गुंजांहून किंचित जास्तच कमी भरते. आणि मी जो ग्रेनचा दहावा हिस्सा मोजतो, तो गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा भाग! आमच्या आजोबांनीही इतकं बारीक तोललं नसेल. दुकानात बाबा काट्यापाशी बसले की भर मे महिन्यात पंखा बंद व्हायचा. गिऱ्हाईक घामानं निथळतंय, बाबांच्या कपाळावर थेंब जमलाय, पण तो पुसायचा नाही. हात हलला की हवा हलते, हवा हलली की पारडं हलतं. सुनेचं मंगळसूत्र तोलून घ्यायला आलेल्या सासवासुद्धा तेवढा वेळ बोलायच्या थांबत. तीच परंपरा मी तळघरात चालवतो. हीटरचा झोत काट्यावर येतो, म्हणून जानेवारीतही मी तो बंद ठेवतो. वरून बायको ओरडते, “अहो, घर गोठतंय!” मी खालून ओरडतो, “काटा हलतोय!”

हे सगळं ज्या रायफलसाठी चालतं, तिला दुर्बीण नाही. मागं खाच आणि पुढं माशी, बस्स. जुनी ९४ रिकामी पुंगळी सरळ वर फेकते, त्यामुळे दुर्बीण मधोमध बसवता येत नाही, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे दुर्बिणीनं कुणीही मारील, मग माझं काय राहिलं?

आता माशीकडे बघू. तिचा मणी इंचाच्या सोळाव्या भागाएवढा आणि माझ्या डोळ्यापासून अडीच फुटांवर. शंभर यार्डांवरचं जवळजवळ साडेसात इंच त्या मण्याआड जातं. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा साधारण आठ-नऊ इंचांची. म्हणजे जिथं गोळी लागायला हवी, ती जवळजवळ सगळी जागा मीच झाकतो. त्यात पन्नाशीनंतर डोळ्यांनी संप पुकारलाय. खाच, माशी आणि हरीण यांपैकी एकच काय ते स्पष्ट दिसतं. ऊन एका बाजूनं पडलं की मण्याची तेवढीच बाजू चमकते नि गोळी दुसरीकडे सरकते. तरी मी पावडर थोडीथोडी बदलून पाच-पाच गोळ्या झाडतो, छिद्रांमधली अंतरं मोजतो आणि एक्सेलमध्ये रंगीत आलेख काढतो. पावडरीचं कुठलं माप उत्तम ते त्या आलेखात दिसत नाही. कुठल्या दिवशी ढग होते ते मात्र स्वच्छ दिसतं.

शेजारचा निवृत्त गवळी दुकानातलं एक खोकं कित्येक हंगाम पुरवतो. गोळी किती ग्रेनांची ते त्याला खोक्यावर वाचून सांगावं लागतं. दर नोव्हेंबरात त्याचा फ्रीजर भरतो. या माणसाचा मला मनापासून राग आहे.

बाबा एका उन्हाळ्यात इकडे आले होते. तळघरात स्टुलावर बसून त्यांनी माझं सगळं तोलणं पाहिलं. काट्याला बोट न लावता म्हणाले, “काटा चांगलाय.” मग जरा थांबून, “पण गिऱ्हाईक कोण?”

मी हसण्यावारी नेलं. बाबांचा पंखा बंद व्हायचा तो समोरच्या बाईच्या अर्ध्या गुंजेसाठी. ती अर्धी गुंज तिच्या घरातल्या कुणाच्या तरी घामाची होती. माझा दहावा हिस्सा कुणाचा? गिऱ्हाईक म्हणायचं तर हरीणच. गोळी पोटात लागली तर ते तडफडत दलदलीत शिरतं आणि माणसं रात्री टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरतात. मी एकदा दुसऱ्याच्या हरणामागं असा फिरलोय. ते सापडलं नाही. घरी आल्यावर त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कुठल्याही काट्यावर मोजलेली पावडर त्या जनावराच्या उपयोगाची नव्हती. उपयोगाचं असतं ते अंतर, आणि नेम बसत नसेल तर चापावरून बोट काढून घेण्याची अक्कल.

साठ यार्डांवर मणी साडेचार इंच झाकतो. तेवढं मला जमतं, म्हणून साठाच्या पलीकडचं हरीण मी जाऊ देतो. आणि साठ यार्डांवर दुकानातलं काडतूस माझ्या काडतुसाइतकंच चालतं. हे मी आजवर मंडळात कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. आणि तुमच्यापैकी कुणाकडे थर्टी-थर्टीच्या रिकाम्या पुंगळ्या पडून असतील तर कृपा करून भंगारात टाकू नका. टपालखर्च मी देईन.