हेड गॅस्केट गेलं हे कसं ओळखावं? (फक्त नवशिक्यांसाठी)

हे मार्गदर्शन तुम्ही वाचताय, त्याअर्थी तुमची गाडी रस्त्याच्या कडेला उभी आहे, बॉनेट उघडं आहे, आतून वाफ येतेय आणि भोवती चार माणसं जमली आहेत. त्यांतल्या एकाने, बहुधा ज्याच्याकडे सायकलही नाही त्याने, "हेड गॅस्केट गेलंय" असा निकाल दिला आहे. दुसऱ्याने खर्चाचा आकडा सांगितला आहे. उरलेले दोघे तो आकडा कमी आहे असं म्हणताहेत. पत्रिका न बघता मुलाला मंगळ आहे म्हणून सांगावं, तशी ही पद्धत. कधीकधी असतोही.

आपण जरा सावकाश जाऊ.

पहिली पायरी: काहीही करू नका. विशेषतः रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. गर्दीतला कोणी ना कोणी फडकं पुढे करीलच, "अर्धा आटा फिरवा, वाफ जाऊ द्या" असंही सांगेल. त्याला नमस्कार करा आणि फडक्याने स्वतःचा घाम पुसा. त्या झाकणाखाली साधारण एक बारचा दाब असतो, म्हणजे घरच्या कुकरमध्ये असतो जवळजवळ तेवढाच. या दाबाखाली साधं पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी एका क्षणात उकळून तुमच्या तोंडावर येतं. वाफ जिरण्याआधी कुकर उघडू नये हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. गाडीला शिट्टी नसते एवढाच फरक.

आता गाडी थंड होईपर्यंत तासभर आहे, तेवढ्यात गॅस्केट म्हणजे काय ते सांगून टाकतो. विचारायची लाज वाटत असेल, म्हणून न विचारताच.

इंजिनाचे दोन मजले असतात. खाली ब्लॉक, वर हेड. दोन्हींच्या मध्ये जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीचा एक पत्रा असतो, भोकाभोकांचा. मिस्त्री लोक त्याला पॅकिंगही म्हणतात. पूर्वी त्यात अॅस्बेस्टॉस असे, आता बहुतेक पोलादी पत्र्यांचे थर असतात. चाळीतल्या भिंतीसारखं त्याचं काम आहे. एका खोलीत आग राहते, २००० अंशांच्या वर. शेजारी पाणी राहतं, नव्वदेक अंशांवर समाधानी. पलीकडे ऑइल. तिघांचं एकमेकांशी पटत नाही आणि भिंत मात्र सामाईक. भिंत फुटली की कोण कोणाच्या घरात शिरलं हे ओळखायचं. निदान म्हणतात ते एवढंच.

भिंत का फुटते? अॅल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. कित्येक गाड्यांत वरचं हेड अॅल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक लोखंडी असतो. रोजच्या तापमानाला ही ओढाताण गॅस्केट मुकाट सोसतं. पण गाडी भलतीच तापली की हेड वाकतं, वाकलं की फट पडते, आणि फटीतून आग घुसते. म्हणजे गॅस्केट आपणहून क्वचितच जातं. त्याला घालवावं लागतं. मीही घालवलेलं आहे, त्याची हकीकत पुढे येईल.

दुसरी पायरी: स्वस्त संशयितांची आधी झडती घ्या. ही पायरी सगळेच गाळतात, आणि मी ती गाळली तेव्हा काय झालं ते सांगतो. माझी गाडी (कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, दोष तिचा नव्हता) सिग्नलला थांबली की तापायची आणि पळायला लागली की निवायची. गॅरेजवाल्याने बॉनेटवर दोन बोटं टेकवली, नाडी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "साहेब, गॅस्केट." हेड उतरवलं. आतलं गॅस्केट नव्या नवरीसारखं होतं. मग कोणीतरी रेडिएटरच्या फॅनकडे पाहिलं. फ्यूज जळलेला होता. मी काही बोलायच्या आत गॅरेजवाला म्हणाला, "आता उघडलंच आहे तर नवीनच टाकून देऊ." या वाक्याला आजवर कोणी उत्तर देऊ शकलेलं नाही.

तर नवशिक्यांनी हे पाठ करावं: उभी असताना तापते आणि चालताना निवते, तर आधी फॅन, त्याचा फ्यूज, त्याचा रिले बघा. चढाला किंवा वेगात तापते, तर रेडिएटर चोंदलाय का, थर्मोस्टॅट अडकलाय का, पाण्याचा पंप चालतोय का ते बघा. पाणी कमी होत असेल तर रात्री गाडीखाली जुना पेपर अंथरा. रविवारची पुरवणी उत्तम, बाकी तिचा फारसा उपयोग नसतो. सकाळी ओला डाग दिसला तर होज पाइप, क्लॅम्प किंवा पंप गळतोय, आणि तुम्ही नशीबवान आहात. पायाखालचं कार्पेट ओलं लागलं तर हीटरचा आतला छोटा रेडिएटर. पेपर कोरडा, कार्पेट कोरडं, आणि तरी रोज अर्धा लिटर पाणी गायब, असं असेल तर मात्र पुढे वाचा. ते पाणी कोणाच्या तरी घरात जातंय.

पाणी आगीच्या घरात शिरलं असेल तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. पण महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे प्रत्येकच गाडी पांढरा धूर सोडते. ती नुसती वाफ असते आणि पाच-दहा मिनिटांत थांबते. न थांबणारा, दाट, गोडसर वासाचा धूर वाईट. तो गोडवा कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. वास घ्या, चाखून बघू नका, ते विष आहे. आणि तुम्ही वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत आला असाल तर हा पुरावा तुम्हाला मिळणारच नाही. काटकसर अशीही वसूल होते.

पाणी ऑइलच्या घरात शिरलं तर दोघांचा मिळून चहा होतो. ऑइल भरायचं झाकण उघडा. आतून फिकट, पिवळसर-तपकिरी साय जमलेली दिसेल. इथे मात्र शंभरातले बरेच नवशिके घाबरून चुकतात. पावसाळ्यात गाडी फक्त मंडईपर्यंत जाऊन येत असेल, तर इंजिन पुरतं तापतच नाही आणि दमट हवेतली वाफ झाकणाला लागून अशीच साय धरते. म्हणून ऑइलची पट्टीही काढून बघा. झाकणाला साय पण पट्टीवर ऑइल स्वच्छ, तर एखाद्या रविवारी गाडी लांब पळवून आणा, साय जाईल. पट्टीवरही चहा असेल तर किल्लीला हात लावू नका. ते मिश्रण बेअरिंगला वंगण देत नाही, आणि मग गॅस्केटचा खर्च आठवून तुम्हाला हसू येईल.

आग पाण्याच्या घरात शिरली तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. गार गाडीचं झाकण काढा (आता काढायला हरकत नाही), इंजिन सुरू करा आणि आत बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. भज्यांच्या कढईसारखे सतत येत राहिले, अॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढले, तर ती आगीची हवा. आणखी एक सोपी खूण: झाकण लावून गार इंजिन सुरू करा आणि वरचा जाड होज पाइप हाताने दाबा. पाणी कोमटही झालेलं नसताना मिनिटा-दोन मिनिटांत तो दगडासारखा कडक झाला, तर दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधला आहे.

शेजारशेजारच्या दोन आगींमधली भिंत गेली तर पाण्याला आणि ऑइलला पत्ताही लागत नाही, नुसती गाडी मिसिंग करते. कॉम्प्रेशन गेज लावलं की लगतच्या दोन सिलिंडरांचे आकडे सारखेच पडलेले सापडतात. उलट, पाण्याकडची बारीक फट असेल तर कॉम्प्रेशन व्यवस्थितही दिसू शकतं. त्यामुळे "कॉम्प्रेशन ओके आहे, गॅस्केट नाही" असं कोणी म्हणालं तर मान हलवा, पण गाडी ताब्यात देऊ नका.

या सगळ्यांपेक्षा मला आवडते ती निळ्या पाण्याची परीक्षा. काचेच्या नळीत निळं द्रावण असतं, नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवायची आणि इंजिन चालू ठेवून आतली हवा रबरी फुग्याने द्रावणातून ओढायची. त्या हवेत जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही नळीत फुंकर मारून ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचा रंग बदलायचो, तोच हा खेळ. फक्त आधी पाण्याची पातळी थोडी खाली आणा, कूलंट नळीत ओढलं गेलं तर परीक्षा बाद. हे उपकरण तुमच्या गॅरेजमध्ये नसेल. विचारा मात्र जरूर. चेहरा बघण्यासारखा होतो.

आता तज्ज्ञांविषयी. प्रत्येक सोसायटीत एक काका असतात, ज्यांच्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी होती. तिला ते मरेपर्यंत फियाटच म्हणतात. त्यांचा पहिला सल्ला, "थर्मोस्टॅट काढून फेकून दे, ते थंड देशांसाठी असतं." फेकू नका. त्याच्यावाचून इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि खरा रोग झाकला जातो. दुसरा सल्ला, "रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाक." हा मी हसण्यावारी नेत नाही, रेडिएटरला सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर हळद ते बुजवते आणि ट्रकवाल्यांनी या हळदीवर घाट पार केलेले आहेत. पण गॅस्केटच्या फटीतून आगीचा झोत येत असतो. तिथे हळद टिकत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत मात्र मुक्कामाला राहते. मी दोन चमचे टाकली होती. गाडीला हळद लागली आणि वऱ्हाड टोचन लावून गॅरेजात गेलं.

ती हकीकत अशी. फ्यूजच्या प्रकरणानंतर मी शहाणा झालो होतो, म्हणजे गॅस्केटचं नाव काढणाऱ्या प्रत्येकाला मूर्ख समजू लागलो होतो. खालच्या होजचा क्लॅम्प ठिबकत होता. रोज सकाळी मी बाटलीभर पाणी ओतायचो आणि हळदीवर भिस्त ठेवायचो. तीन आठवडे हे चाललं. मग मे महिन्यात साताऱ्याला लग्नाला निघालो. पुण्याहून जाताना तेव्हा खंबाटकी घाट चढावाच लागायचा. बोगदा होता, पण तो येणाऱ्यांसाठी. निम्म्या घाटात काटा वर सरकला. एसी बंद करून हीटर पूर्ण चालू केला, कारण हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो घेतो. उपाय शास्त्रोक्त आहे. मे महिन्यात तो करताना शेजारी बायको असते, हे शास्त्रात नाही.

पाचेक मिनिटांनी ती म्हणाली, "अहो, हवा गार येतेय."

मी काट्याकडे पाहिलं. काटाही खाली येत होता. "बघ, उतरला," मी म्हणालो, आणि गाडी तशीच रेटली.

नवशिक्यांनो, हीटरची हवा गार झाली याचा अर्थ हीटरपर्यंत पाणी पोचत नव्हतं. काटा उतरला याचा अर्थ तापमान मोजणारा सेन्सर पाण्यातून उघडा पडून हवेत लोंबत होता. इंजिन निवलं नव्हतं, मोजायला पाणीच उरलं नव्हतं. वर पोचता पोचता गाडी बंद पडली. चार माणसं जमली. एकाने निकाल दिला. मी त्याला फ्यूज दाखवला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात निळं पाणी पिवळं झालं. हेड उतरलं, मशीन शॉपमध्ये गेलं. तिथे त्यावर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज सरकवतात. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास फट म्हणजे हद्द झाली. माझ्या हेडखाली त्याच्या तिप्पट पाती सरकली. फेसिंग मारावं लागलं. तुमच्यावर ही वेळ आली तर दोन गोष्टींवर अडून बसा: बोल्ट ताणून बसणारे असतील तर ते नवेच घाला, आणि आवळताना मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळा. "हाताला अंदाज आहे साहेब" हे ऐकून घेऊ नका. बिलात गॅस्केटची किंमत शोधावी लागते, इतकी ती थोडी असते. बाकी सगळी उतरवण्याची, घासण्याची आणि चढवण्याची.

आणि जुनं गॅस्केट मागून घ्या. माझं बाल्कनीत खिळ्याला टांगलेलं आहे. तीन नंबरच्या सिलिंडरच्या कडेपासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत करंगळीच्या नखाएवढी काळी जळकी वाट त्यावर स्पष्ट दिसते. क्लॅम्पही त्याच दिवशी बदलला. तो चाळीस रुपयांना मिळाला.