कै. मॅलेटसाहेबांस, सहलीच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. ह्यू पॉयंट्झ मॅलेट,
माजी जिल्हाधिकारी, ठाणे.

विषय : पावसाळ्यातल्या एका रविवारी डोंगर आणि पाणी पाहण्याबाबत.
संदर्भ : आपली माथेरानची स्वारी, मे 1850.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, आपण ठाण्याचे कलेक्टर असताना चौक गावी मुक्काम ठोकलात, समोर डोंगर दिसला, आणि वर काय आहे ते पाहावं म्हणून चढून गेलात. परवानगी देणारे आपणच असल्यामुळे अर्ज करण्याचा प्रश्न आला नाही. त्या रानात धनगर, ठाकूर, कातकरी आधीपासून वावरत होते, पण त्यांच्याकडे सरकारी शिक्का नव्हता, म्हणून माथेरानचा शोध आपल्या खात्यावर जमा आहे. ती तक्रार आज नाही. आम्हा ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांना आपण आद्यपुरुषच. कामातून सवड काढून डोंगर गाठायचा आणि खाली आल्यावर चारचौघांना सांगत सुटायचं, ही प्रथा आपण पाडलीत. आम्ही ती इमानेइतबारे पाळतो. फक्त आता चारचौघांऐवजी रील असतं.

आपल्याला त्रास देण्याचं कारण म्हणजे आपल्या खुर्चीवरून हल्ली निघणारा पावसाळी आदेश. पूर्वी तो 144 कलमाखाली निघत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 व्या कलमाखाली निघतो. कलम बदललं, धबधबे तेच राहिले. धबधबा, धरण, तलाव यांच्या परिसरात पाण्यात उतरू नये, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये, मद्य आणू नये, गाणी मोठ्यानं वाजवू नयेत, कचरा टाकू नये, असं बरंच काही त्यात असतं. कलमं सगळी योग्य. त्यांतली निम्मी पाळायला तर आदेशाची गरजच पडू नये.

पण साहेब, आदेशाला जोडलेली यादी आपण वाचाच. वर्षागणिक तिच्यात थोडा फरक पडतो, पण एकंदरीत ती मोठी रसाळ आहे. ट्रेकिंगची पुस्तकं पुष्कळ चाळली, जिल्ह्याचं इतकं नेमकं, तालुकावार वर्णन कुठे सापडलं नाही. कल्याण तालुक्यात कांबा-पावशेपाडा, खडवलीची नदी, टिटवाळ्याची नदी. मुरबाडात बारवी धरण, सिद्धगड, गोरखगड, माळशेजचे धबधबे, नाणेघाटाची बाजू. शहापुरात भातसा, माहुलीचा पायथा, खर्डी, आणि ‘अशोका’ चित्रपटाचं नाव चिकटलेला तो धबधबा. अंबरनाथ तालुक्यात कोंडेश्वर, भोज, वऱ्हाडे. ठाण्यात येऊर. पर्यटन खात्यानं लाखो रुपयांची जाहिरात केली असती, तरी भोज आणि वऱ्हाडे डोंबिवलीच्या घराघरांत पोचले नसते. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आदेश पडला, की खाली पहिला प्रश्न येतो : यातलं स्टेशनपासून जवळ कुठलं?

बंदी उगाच नाही, हे मान्य. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एका कुटुंबातली माणसं एकमेकांना धरून उभी असताना लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. पाच जीव गेले. वर डोंगरात सर कोसळली की खाली ऊन असतानाही पाणी एकाएकी चढतं. हे पाड्यावरच्या बारा वर्षांच्या पोराला कळतं, डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या द्विपदवीधराला कळत नाही. मग पाड्यावरच्या चार जाणत्यांना पगारावर घ्यावं, हाती शिट्टी आणि दोर द्यावा, ते म्हणतील तेव्हा गर्दीनं बाहेर यावं, असं का होऊ नये? कारण सोपं आहे. शिट्टीला अंदाजपत्रकात तरतूद लागते. मनाईला एक कागद पुरतो.

आपल्या वेळी प्रवासाची अडचण नव्हती, कारण रेल्वेच नव्हती. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली 16 एप्रिल 1853 ला, कल्याणला त्यानंतरच्या वर्षी. आम्हाला रेल्वे आहे आणि रविवारी तिचा मेगाब्लॉक आहे. सोमवार ते शनिवार आम्ही मुंबईकडे तोंड करून लटकतो, रविवारी कर्जत-कसाऱ्याकडे. सॅक तीच, फक्त डब्यात पोळी-भाजीऐवजी थालीपीठ. बरं, ठाण्यात बंदी म्हणून भिवपुरीला उतरावं, तर तो रायगड जिल्हा. तिथल्या साहेबांचा कागद वेगळा. माळशेजचं वरचं अंग पुणे जिल्ह्यात, म्हणजे तिसरे साहेब. ढग या तिघांच्याही हद्दी ओलांडतात, पण त्यांच्यावर अजून गुन्हा दाखल झालेला नाही.

आता आम्ही जे पाहायला जातो त्या पाण्याविषयी. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. तानसा 1892 पासून मुंबईची तहान भागवतोय. त्याच शहापुरातल्या पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरच्या खेपा सुरू होतात, आणि डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांचे फोटो छापून आमची वर्तमानपत्रं दर एप्रिलात नव्यानं चकित होतात. बारवी एमआयडीसीचं. त्याची उंची वाढवली तेव्हा मुरबाडची गावं उठली. आमच्या एमआयडीसी निवासी विभागातल्या नळाला येतं ते तिथलंच. म्हणजे आठवडाभर त्यांचं पाणी पाइपातून आमच्याकडे येतं आणि रविवारी आम्ही जातीनं जाऊन त्यांना वेफर्सची पाकिटं, थर्माकोलच्या प्लेटा आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पोचवतो. या व्यवहाराची पावती कुणी मागितलेली नाही.

एक गोष्ट मात्र आपल्यासारख्या सद्‌गृहस्थाला सांगायला संकोच वाटतो. या सहलींना येणाऱ्या आमच्या बायका सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीत. धरण बघायला निघालेली बाई तहानलेली राहते, कारण वाटेवर दार लागेल असं स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. आदेशात मनाईची कलमं मोजावीत तितकी. ‘येथे सोय आहे’ असं सांगणारं एकही नाही.

याउलट आपलं माथेरान बघा. तिथे माणसाला बंदी नाही, मोटारीला आहे. दस्तुरी नाक्याला गाडी ठेवा आणि पुढे पायी जा, घोड्यावर जा, नाहीतर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं 1907 साली सुरू केलेल्या त्या छोट्या गाडीत बसा. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते, तरी अमन लॉजपासूनची शटल चालू ठेवतात. शार्लट तलावाचं पाणी गाव पितं. घोड्यांची लीद, लाल धूळ, अलीकडे आलेल्या ई-रिक्षा आणि त्यांवरून झालेली भांडणं, सगळं आहे. तिथेही सुट्टीला मुंगीला वाट मिळत नाही. तरी एका नियमावर तो डोंगर निभावला. बारवीकाठी गाड्या दोन किलोमीटर अलीकडे थांबवून पुढे पायी सोडायला काय हरकत आहे, हे विचारायला गेलो तर उत्तर मिळतं की ते आमच्या खात्यात येत नाही. जमीन वन खात्याची, पाणी पाटबंधाऱ्याचं किंवा एमआयडीसीचं, रस्ता बांधकाम खात्याचा, बंदोबस्त पोलिसांचा. येऊर तर राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथल्या रात्रीच्या पार्ट्यांच्या तक्रारी आदिवासी पाड्यांवरून किती वर्षं जाताहेत. पहाटे पायी फिरणाऱ्याला मात्र चौकीवर हटकतात.

 

तरी विनंती की, आपण आपल्या विद्यमान उत्तराधिकाऱ्यांना बरोबर घेऊन जुलैतल्या एखाद्या रविवारी साध्या वेशात कल्याणहून कर्जत लोकल पकडावी. खिडकीची अपेक्षा ठेवू नये. बदलापूरला उतरून कोंडेश्वरची रिक्षा करावी. रिक्षावाला मीटर टाकणार नाही, त्यावरून वाद घालू नये. पुढे बॅरिकेड लागेल. तिथला हवालदार रेनकोटातून हात काढून आदेशाची लॅमिनेट केलेली प्रत दाखवील. खालची सही कुणाची आहे ते त्याला सांगू नये, तोही बिचारा रविवारचा ड्यूटीवर असतो. मुकाट्यानं मागं फिरावं. वळणापलीकडे एक पोरगा उभा असेल. तो शेताच्या बांधावरून वाट दाखवतो. त्याच्याकडे सुटे नसतात, तेवढे जवळ ठेवावेत.

कळावे,
आपला आज्ञाधारक,
एक डोंबिवलीकर

ता. क. : बंदूक आणू नये. साळिंदर, भेकर जे काय उरलंय ते वन खात्याच्या मोजणीत आहे.