नानांची कांदाचाळ आणि स्लाऊचा माळा

स्लाऊ, इंग्लंड
डिसेंबर २०२५

ती. नाना व ती. माई यांना,

मध्यंतरी एका रविवारी फोनवर तुमच्या चिरंजिवांच्या तोंडून "माळ्यावर पाणी आहे" एवढं निसटलं आणि तेवढ्यात रेंज गेली. उरलेलं वाक्य बेलापूरला पोचलंच नाही. जे पोचलं ते पारावर गेलं, तिथे त्याला बाळसं आलं, आणि श्रीरामपूरच्या आत्याबाईंचा फोन आला तोवर "विलायतेतलं घर बसलं" इथवर मजल गेली होती. पैसे पाठवायचे का, अशीही चौकशी झाली. म्हणून हा लेखी खुलासा. पारावर वाचून दाखवायला हरकत नाही. यात सूनबाई स्वतःलाही सूनबाईच म्हणणार आहेत. वृत्तांत त्रयस्थाचा वाटला की भावकीत त्याला वजन येतं.

घर जागेवर आहे आणि गळतही नाही. १९३०च्या दशकातलं कौलारू घर, एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. माळा म्हणजे कौलांखालची तिकोनी, काळोखी पोकळी. आत शिरायचं ते जिन्यावरच्या छतातलं एक चौकोनी झाकण ढकलून. तिथे रिकाम्या बॅगा, गणपतीचं मखर, नातवाचा पाळणा आणि टीव्हीचं खोकं सुखाने नांदतात. टीव्ही केव्हाच भंगारात गेला, पण खोकं "लागेल कधी तरी" म्हणून आहे. ही सवय कुठून आली, हे माईंना विचारायची गरज नाही.

तुळशीचं लग्न उरकल्यावर आकाशकंदील वर ठेवायचा, हे काम चिरंजिवांनी नेहमीप्रमाणे कडाक्याची थंडी पडेपर्यंत लांबवलं. सकाळी बॅटरी घेऊन ते वर चढले आणि तिथेच थांबले. कौलांखाली जे डांबरी कापड असतं ते ओलं चकाकत होतं. कौलांच्या पट्ट्यांतून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला एकेक थेंब, काहींवर चक्क हिमाचा कण. बॅगांच्या पोटाला हिरवट-पांढरी बुरशी. मखराचा पुठ्ठा असा मऊ झालेला की बाप्पांनी तो पुन्हा स्वीकारला नसता.

पहिले तज्ज्ञ आले ते छपराचं काम करणारे एक गृहस्थ. ते वर चढले नाहीत. रस्त्यावर उभं राहून, हात खिशात घालून त्यांनी सगळं छप्पर बदलावं लागेल असा निकाल दिला. त्यांनी सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही. माईंचा रक्तदाब आत्ता कुठे ताळ्यावर आलाय.

त्यानंतर झाला नानांचा फोन. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "पाऊस झाला की पाणी वाढतं का?" नाही, उलट कोरडी, निरभ्र, थंड रात्र गेली की सकाळी जास्त. "एकाच जागी आहे का सगळीकडं?" सगळीकडे. "मग ते वरून आलेलं नाही. खालून गेलंय." इंग्रजांनी घरातल्या ओलाव्यासाठी बीएस ५२५० नावाचं जाडजूड मानक करून ठेवलंय. त्याचं सार नानांनी बेलापुरात बाजेवर बसून, एका मिनिटात सांगितलं.

हिशोब असा. वीस अंश तापमानाची एक घनमीटर हवा सतरा ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ धरून ठेवते. तीच हवा शून्य अंशाला आली की पाच ग्रॅमही धरू शकत नाही. घरातली उबदार, दमट हवा झाकणाच्या फटीतून, दिव्यांच्या भोकांतून, पायपांच्या कडेने वर जाते. वर गोठवणारी थंडी. मग जास्तीचं पाणी तिथे जे सगळ्यांत गार असेल त्यावर बसतं, आणि लोखंडी खिळ्याइतकं गार तिथे दुसरं काही नसतं. पावसाचा यात काडीचाही संबंध नाही. लंडनच्या आसपास वर्षाला ६०० मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडतो. जगभर बदनाम झालेला हा पाऊस पर्जन्यछायेतल्या आपल्या श्रीरामपूर तालुक्याच्या फार पुढे नाही.

मग पाणी आलं कुठून? इथे चिरंजिवांनी सूनबाईंच्या कुकरकडे बोट दाखवलं. पाठोपाठ रविवारच्या इडल्या, गणपतीतले उकडीचे मोदक आणि कोथिंबिरीच्या वड्या यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं. सूनबाईंनी बचावात तुमच्या नातवाच्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या गरम शॉवरकडे आणि चिरंजिवांच्या रेडिएटरवर वाळत घातलेल्या जीन्सकडे लक्ष वेधलं. चार माणसांचं कुटुंब श्वास, घाम, आंघोळ, स्वयंपाक आणि घरात वाळणारे कपडे यांतून दिवसाला दहा लिटरच्या घरात पाणी हवेत सोडतं. रोज एक कळशी. शेजारच्या इंग्रज आजी बटाटे उकडतात म्हणून त्यांची कळशी काही रिकामी नसते. माळा त्यांचाही ओलाच निघाला. तेव्हा मोदक निर्दोष सुटले.

खरी गंमत पुढे आहे. हीच घरं बांधली तेव्हा कोरडी होती. खोलीखोलीत कोळशाची शेगडी, तिचं धुराडं दिवसभर हवा ओढून बाहेर टाकायचं. खिडक्यांच्या लाकडी चौकटींतून वारा शिट्ट्या घालायचा. कित्येक छपरांत कौलांखाली कापडच नसायचं, त्यामुळे माळ्यावर वारा मोकळा फिरायचा. मग घरभर हीटिंग आलं, शेगड्या बुजवल्या, खिडक्यांना दुहेरी काचा लागल्या, कौलांखाली डांबरी कापड ताणलं गेलं आणि माळ्याच्या जमिनीवर काचेच्या लोकरीच्या गाद्या अंथरल्या गेल्या. ही लोकर आता २७० मिलिमीटर जाड असावी असं इथलं सांगणं आहे. तिच्यामुळे खालची ऊब खालीच राहते, बिल कमी येतं. पण त्याच कारणाने माळा पूर्वीपेक्षा जास्त गार होतो. लोकर जितकी जाड, तितका वरचा गारठा अधिक, आणि वाफ तिथवर पोचली तर पाणीही अधिक.

त्यात २०२२ साल आलं. युक्रेनच्या युद्धानंतर गॅस भडकला. ऑक्टोबरपासून सरकारने मदत करूनही साधारण घराचं वर्षाचं वीज-गॅसचं बिल अडीच हजार पौंडांच्या पातळीवर आलं. देशभर लोक फटी बुजवायला बसले. चिरंजीवही बसले. नवी लोकर आणली आणि उरलेले तुकडे दोन्ही बाजूंच्या वळचणीत कोंबले, अगदी आजी रजई पायाखाली खोचायच्या तसे. वाऱ्याचा येण्याजाण्याचा रस्ता तोच होता. शिवाय न्हाणीघराच्या पंख्याचा नळ घराबाहेर न जाता माळ्यावरच येऊन थांबला होता, हे त्या दिवशी दिसलं. आधीच्या मालकांच्या काळापासून सगळ्या आंघोळींची वाफ तो इमानेइतबारे बॅगांवर सोडत होता.

नानांना हे सगळं फोनवर दाखवलं, तेव्हा ते आधी हसले आणि मग विचारते झाले, "आपली चाळ कशी बांधलीय, विसरला का?"

चिरंजीव विसरले नव्हते, फक्त कांद्याचा आणि इंग्लंडचा संबंध त्यांनी कधी जोडला नव्हता. नगर जिल्ह्यात ज्याला गावरान कांदा म्हणतात तो एप्रिलच्या आसपास निघतो. घोडेगावचा बाजार बरा होईपर्यंत, म्हणजे कधी कधी दिवाळीपर्यंत, तो चाळीत काढायचा असतो. त्याला तिथे जिवंत ठेवते ती हवा. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, खाली फटी सोडून ठोकलेल्या पट्ट्या, बाजू जाळीच्या, रास पाच फुटांवर जाऊ द्यायची नाही, पाखीची रुंदी चार फुटांच्या आत. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची आणि दुपाखी पूर्व-पश्चिम, म्हणजे वारा सगळ्या राशीला लागतो. कांदाही श्वास घेतो, ऊब आणि ओल सोडतो. ती ओल निघून गेली नाही तर रास आतून सडायला लागते, आणि वास येईपर्यंत कळतही नाही. भावकीतल्या एकांनी वळवाच्या धास्तीने चाळ खालपासून प्लास्टिकने गुंडाळली होती. त्यांचा कांदा पावसात भिजला नाही, आत घामेजून गेला. नानांचं म्हणणं, तुम्ही वळचणीत लोकर कोंबली ती हीच तऱ्हा.

इथलं पुस्तक वेगळं काही सांगत नाही. लोकर छताच्या पातळीवर आणि वरचा माळा गार, अशा उतरत्या छपराला दोन्ही वळचणींना लांबीभर किमान दहा मिलिमीटरची मोकळी फट हवी. उतार पंधरा अंशांपेक्षा कमी असेल तर पंचवीस. लोकर आणि छपराचं कापड यांच्यात पन्नास मिलिमीटरची वाट राहिली पाहिजे. एका वळचणीतून वारा शिरतो, दुसरीतून निघतो. माळा गारच राहतो, पण कोरडा राहतो. गारठ्याला घाबरायचं नसतं, कोंडलेल्या हवेला घाबरायचं असतं, हे विलायतेत आलेल्या आपल्या माणसांना पटवणं मात्र फार अवघड. आपण सगळे स्वेटरवर स्वेटर घालणारे.

काम दोन शनिवार-रविवारांत झालं. वळचणीतली लोकर मागे ओढली. तिथे वाशा-वाशांमध्ये प्लास्टिकचे कडक पन्हाळे बसवले, म्हणजे लोकर सरकली तरी वाट बुजणार नाही. कापडाच्या एकावर एक आलेल्या पदरांमध्ये ते उघडे ठेवणाऱ्या छोट्या पाचरी सरकवल्या. पंख्याचा नळ लोकरीने गुंडाळून वळचणीतून थेट बाहेर काढला. न्हाणीघराच्या पंख्याने सेकंदाला पंधरा लिटर हवा बाहेर टाकावी असा इथला नियम आहे, आणि आंघोळ झाल्यावरही तो थोडा वेळ चालू राहील अशी सोय केली. माळ्याच्या झाकणाला कडेने फोमची पट्टी लावली. जुन्या पाण्याच्या टाकीवर झाकण नव्हतं, ते घातलं. स्वयंपाकघरात पातेल्यांवरही झाकणं आली, आणि कुकर लागला की खिडकी बोटभर उघडी. हा शेवटचा ठराव सूनबाईंच्या मतदानाविना मंजूर झाला, त्याची नोंद व्हावी.

डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात (१९३२ पासूनचं जुनं मंडळ, नानांना फोटो दाखवला होता) हा विषय निघाला, तेव्हा राजकारण बाजूला पडलं. प्रत्येकाच्या घरी ओल. कोणी डांबरगोळ्या सांगितल्या, कोणी कापूर. एकांनी तर माळाच बंद करून रंग मारला होता, म्हणजे बुरशी खोलीबंद. ओल शोषणारं यंत्र बऱ्याच जणांकडे होतं, आणि त्याच्या डब्यातलं पाणी कोण ओतणार यावर बऱ्याच घरांत शीतयुद्ध. यंत्र उपयोगी आहे. पण फट बुजलेली ठेवून यंत्र चालवायचं म्हणजे विजेचं बिल भरून त्याच वाफेला रोज बाहेर हाकलत बसायचं.

एक गोष्ट हसण्यासारखी नाही, तीही कळवते. डिसेंबर २०२०मध्ये रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा गेला. राहत्या फ्लॅटमधल्या बुरशीचा दीर्घकाळ संपर्क हे कारण, असा निष्कर्ष चौकशीत २०२२च्या नोव्हेंबरमध्ये निघाला. आईवडील तक्रार करत होते, आणि त्यांना राहण्याची पद्धत सुधारा असं सांगितलं जात होतं. त्याच्या नावाने कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५पासून सामाजिक (सवलतीच्या भाड्याच्या) घरांच्या मालकांना ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची पाहणी दहा कामकाजाच्या दिवसांत करावी लागते, आणि जिवावरची बाब असेल तर चोवीस तासांत हालचाल. कुकरकडे बोट दाखवून सुटका करून घेणं आता निदान तिथे चालत नाही.

आमच्या माळ्यावर परवा पुन्हा हीव पडलेल्या सकाळी चढून पाहिलं. खिळे कोरडे, कापड कोरडं. बॅगा उन्हात वाळवायच्या म्हणून ठेवल्यात, ऊन मिळालं की वाळवू.

आता तुमच्यासाठी. माई म्हणाल्या, स्वयंपाकघरावर पीव्हीसीचं छत करून घेणार आणि वरचा झरोका चिमण्या येतात म्हणून गवंडी बुजवून देणार. चिमण्यांना जाळी लावा, झरोका बुजवू देऊ नका. नाना, तुम्ही आमचा माळा सोडवलात, तर हे एक घरचंही बघा. आणि पापड-कुरडयांचं पार्सल पाठवताना पाठवणाऱ्याच्या पत्त्यात "ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर" ठळक लिहा. इथून पाठवलेलं एक पार्सल नवी मुंबईच्या बेलापूरला जाऊन बसलंय.

कांद्याला काय भाव मिळाला ते कळवावे.

आपली,
सूनबाई