गादीखालचा पंचनामा

मुक्काम रीजंट्स कालवा,
व्हिक्टोरिया पार्कनजीक, लंडन,
जानेवारी अखेर

तीर्थरूप नाना यांचे सेवेशी,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पोचले. ‘नाव गळत तर नाही ना?’ हा जो एकच प्रश्न आपण त्यात तीनदा, आणि तिसऱ्यांदा तांबड्या शाईने, विचारला आहे, त्याचे उत्तर प्रथम देतो, म्हणजे आईला झोप लागेल. नाव गळत नाही. तिच्या तळाचा पोलादी पत्रा १० मिलिमीटर जाडीचा आणि बाजूंचा ६ मिलिमीटरचा असून त्यांतून कालव्याचा एक थेंबही आत आलेला नाही. तथापि आमच्या गाद्या ओल्या आहेत, आणि या विसंगतीची कैफियत, आपली सारी हयात मामलेदार कचेरीत गेलेली असल्यामुळे, पंचनाम्याच्या रीतीनेच सादर करावी हे मला उचित वाटते.

प्रथम चतुःसीमा. नावेची लांबी ५७ फूट. रुंदी मात्र ६ फूट १० इंच, कारण मिडलँड्समधल्या जुन्या कालव्यांचे लॉक जेमतेम ७ फूट रुंद बांधले गेले आणि त्या मापाने ठरलेली नावेची कंबर आजतागायत कोणी सैल केलेली नाही. इतक्या अरुंद जागेत संसार मांडला असता नवराबायकोला एकमेकांना ओलांडताना दिवसातून वीस वेळा परस्परांची क्षमा मागावी लागते, हा एक अनपेक्षित नैतिक लाभ. बिछाना मागच्या टोकाला, प्लायवुडच्या सलग फळीवर. फळीखाली पेटी, पेटीत हिवाळ्यात न लागणारे सामान, आणि त्याच्याही खाली तो थंडगार पत्रा.

गेल्या रविवारी चादरी बदलण्यासाठी सौ.ने गादी उचलली आणि, आपल्या घरी न्हाणीत साप निघाला की आई ज्या संथ, अतिशय सभ्य स्वरात आपल्याला बोलावते, त्याच स्वरात तिने हाक मारली, “अहो, इकडे या जरा.” मी गेलो. गादीच्या पाठीवर, फोडणीतली मोहरी उडावी तशा काळ्या ठिपक्यांनी, माझी आकृती खांद्यापासून पोटरीपर्यंत हुबेहूब उमटली होती. फळीवर पाण्याचे मणी उभे होते. वास आषाढातल्या गोणपाटाचा. क्षणभर मला, खोटे कशाला सांगू, घरची आठवण येऊन गहिवरून आले. चि. मनूने मोजपट्टी आणून बाबांची बुरशी आईच्या बुरशीपेक्षा नऊ इंचांनी लांब असल्याचा दाखला दिला, आणि तो, मागितलेला नसताही, दप्तरी दाखल झाला.

आता कारण. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तो तांब्या गळका असतो म्हणून नव्हे, हे आपणच मला पडवीत बसून समजावले होते. आमची फळी म्हणजे तो तांब्या. निजलेला माणूस श्वासावाटे आणि कातडीवाटे रात्रीत पाव लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतो. ती उबदार वाफ गादीतून खाली झिरपते आणि थंड फळी लागताच पाणी होऊन बसते. त्यात स्वयंपाकाची भर. एक किलो प्रोपेन जळाला की त्यातून दीड किलोहून जास्त पाणी निर्माण होते, म्हणजे शेगडी पेटवणे हे हवेच्या दृष्टीने नळ सोडण्यासारखेच. शिवाय आमचा भात उघड्या पातेल्यात शिजतो.

आरोपी कोण, हा प्रश्न उरला, आणि येथे माझी लेखणी थोडी अडखळते. छपरावर पितळेच्या छत्र्यांसारखी वायुविजनाची तोंडे असतात. पहिली थंडी पडताच, ‘ओलीच्या दिवसांत वारा आत घेऊ नये’ हा आपला लहानपणापासूनचा हुकूम स्मरून, मी ती जुन्या मोज्यांचे बोळे कोंबून बंद केली होती. शेजारच्या नावेवरील वृद्ध नाविकाने ते बोळे पाहिले तेव्हा तो हसला नाही. आत कोळशाची शेगडी जळत असता ही भोके बुजवणारा मनुष्य गादीची नव्हे, जिवाची काळजी करण्याच्या अवस्थेत असतो, एवढेच म्हणाला. मोजे तत्काळ निघाले. कोकणात ओल बाहेरून येते म्हणून आपण झडपा लावतो. येथे ती आमच्याच नाकातोंडातून येते म्हणून हिवाळ्यातही खिडकी किलकिली ठेवावी लागते. बाहेरच्या गार हवेत वाफ थोडीच असते, आणि तीच हवा आत येऊन तापली की तहानलेल्या बैलासारखी ओल पिते. मनूने हे मला दोनदा समजावले. दुसऱ्यांदा मला समजले.

उपायांचा तपशील लांबवत नाही. व्हिनेगरने पुसून झाले. ओल शोषणारे खडे डब्यांतून ठेवले, ते चार दिवसांत स्वतःच पाणी होऊन बसले. गादी उन्हात घालावी म्हणून छपरावर चढवली आणि इंग्लंडचे ऊन अकरा मिनिटांनी संपून पाऊस आला. अखेर सलग फळी काढून दोन-दोन बोटांच्या अंतराने लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यांवर, गादीला खालून वारा मिळावा म्हणून, दुकानदाराच्या सल्ल्याने काथ्याची जाड चटई अंथरली. तिचा भाव कळवत नाही. आपल्याला रक्तदाब आहे. चटई उलगडली तेव्हा सौ. तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “ही तर आजींची बाज.”

ती सुंभाची बाज, जी आजी गेल्यावर आपण माळ्यावर टाकलीत, कृपा करून मोडीत देऊ नये. तिच्या विणीचे माप दोऱ्याने घेऊन पाठवावे.

चौदा दिवसांची मुदत उद्या संपत असल्याने, कायम धक्का नसलेल्या नावांच्या नियमाप्रमाणे, मुक्काम हलवत आहोत. पत्र मात्र नेहमीच्याच पत्त्यावर घालावे. ती. आईस नमस्कार.

आपला आज्ञाधारक
(एका आज्ञेचा अपवाद करून)
बाळ

ता. क. पापड पाठवू नयेत. मागचे घडी घालून ठेवण्याइतके मऊ झाले आहेत.