परत गेला!

कॉम्प्युटर कायमचा गेला तर माणूस चार दिवस हळहळतो आणि नवा आणतो. खरा छळ मांडतो तो मधूनच जाणारा आणि मधूनच येणारा. आमचा गेल्या उन्हाळ्यात या मार्गाला लागला. मी घरी बसून अनुवादाची कामं करतो, त्यामुळे दिवसातले आठ-दहा तास आम्ही दोघं एकमेकांसमोर असतो. एखादं आडमुठं वाक्य मोडून-जोडून कुठे मार्गी लागावं, बोट पूर्णविरामाकडे जावं, आणि पडदा काळा व्हावा. मॉनिटरचा दिवा चालू, पंखा चालू, वायफाय चालू. फक्त टेबलाखालचा तो डबा, ज्याला अख्खी डोंबिवली सीपीयू म्हणते, तो गप्प. काळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' अशी पाटी निवांत इकडून तिकडे फिरत असायची. कधी तो क्षणात आपणहून घरघरत उठायचा, वर 'वेलकम' म्हणायचा. कधी मात्र टेबलाखाली वाकून दोन-चार बटणं दाबल्याशिवाय दाद देत नसे. वेळेला काही धरबंध नव्हता. आज सकाळी अकरा, उद्या दुपारी साडेतीन, मग एखादा दिवस भाकडच. दर वेळी माझ्या तोंडून एकच शब्द निघे, "गेला!", आणि तो जरा वरच्या पट्टीत निघे. आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि मे महिन्यात खिडक्या सताड उघड्या असतात.

पूर्ण बंद पडलेल्या वस्तूबद्दल कुणी मत देत नाही. मधूनच बंद पडणाऱ्या वस्तूबद्दल मात्र दूधवाल्यालाही मत असतं. बायको म्हणाली, "उकडत असेल त्याला." आई म्हणाली, "तू दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत बसतोस, कंटाळणार नाही का तो?" हैदराबादहून मुलीने फोनवर निकाल दिला, "बाबा, लॅपटॉप घ्या." तिच्याकडे सगळ्या तक्रारींवर हे एकच औषध आहे, मागे माझी कंबर धरली होती तेव्हाही तिने लॅपटॉपच सुचवला होता.

समोरच्या ब्लॉकमधले काका म्हणाले, "व्हायरस." आमच्या पिढीची व्हायरसवर श्रद्धा आहे आणि ती उगीच नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म जगभर फिरला. तेव्हा आमच्याकडे विंडोज एक्सपी होतं आणि फोनच्या वायरीतून कण्हत येणारं इंटरनेट. ते जोडलं की थोड्याच वेळात पडद्यावर एक चौकट उगवायची: यंत्रणा बंद होत आहे, हातातलं काम सेव्ह करा. हुकूम कुणा 'एनटी ऑथॉरिटी'चा, आणि शेजारी साठपासून उलटी मोजणी. पुढच्या वर्षी सॅसर आला, त्याचंही वागणं तसंच. तेव्हा आम्ही त्यांना शिव्या घातल्या. आज वाटतं, काय खानदानी व्हायरस होते! साठ सेकंदांची नोटीस देत होते. जाणकार मंडळी तेवढ्या वेळात 'रन'मध्ये जाऊन 'शटडाऊन', रेघ, 'ए' एवढं टाइप करून स्टे ऑर्डरही मिळवत. आमच्या या गड्याला कसली म्हणून रीतभात नव्हती.

मग भाचा आला. तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला यंत्रं उघडायला आवडतात. मिटवायला तितकंसं आवडत नाही. "मामा, अंदाज नको, आधी लॉग बघू," असं म्हणून त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. विंडोज आत गुपचूप रोजनिशी लिहीत असतं हे मला नवीनच होतं. त्यात लाल खुणांची रांग लागली होती, आणि प्रत्येक खुणेपुढे 'कर्नल-पॉवर, ४१'. मला हुरूप आला. चोराचं नाव आणि बिल्ला नंबर दोन्ही सापडले! भाच्याने खालचा मजकूर वाचून दाखवला. त्याचा सारांश असा, की यंत्रणा आधी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली. म्हणजे पंचनाम्यात लिहावं, की मयत इसम मयत झाल्याचे आढळून आले. बाकी कारण तुम्ही शोधा.

पण पोरगा हुशार. तो म्हणाला, एक्सपीपासून विंडोजला एक सवय आहे. आतलं काही कोसळलं तर निळा पडदा दाखवून ते आपणच रीस्टार्ट होतं, आणि ते इतकं झटकन उरकतं की निळा पडदा दिसतही नाही. त्याने सेटिंगमधली ती टिक काढून टाकली. "आता परत गेला की निळा येतो का बघ." मी निळ्याची वाट बघू लागलो. परत गेला. निळा नाही आला, नेहमीचाच काळा. "म्हणजे विंडोज निर्दोष," भाचा फोनवर म्हणाला. "करंटच तुटतोय, मामा." हे अगदी बरोबर होतं. त्यापुढे तो म्हणाला, "म्हणजे हीट असणार." इथून आमची गाडी रुळावरून घसरली.

प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवायला सगळं बंद करतो, हे खरंच आहे. शिवाय डबा उघडल्यावर जे दिसलं, ते पाहून कुणीही हाच निष्कर्ष काढला असता. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धूळ इतकी गच्च बसली होती की भाच्याने ती चिमट्याने अख्खीच्या अख्खी वडीसारखी उचलली. खाली थर्मल पेस्ट सुकून खडू झालेली. आणि पंख्याच्या एका पात्याला आईची मरून टिकली चिकटलेली, किती वर्षं तिथे गरगरत होती कोण जाणे. मग यथासांग सगळं झालं. पेस्ट पुसली, नवी मटाराएवढी लावली, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. रॅम खोडरबराने घासल्याशिवाय या देशात कुठलीही दुरुस्ती संपन्न होत नाही. मग रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवली. सकाळी पाहतो तर एकही चूक नाही. तापमान पन्नाशीत. रात्रभर हा बाबा नुसता साधुसंतासारखा जागला होता. अकरा वाजता मी कामाला बसलो आणि गेला.

आता व्यावसायिक माणूस बोलवायचा ठरला. तो आला, त्याने बूटही पुरते काढले नव्हते, दारातूनच म्हणाला, "एसएमपीएस." मग बसून नीट समजावलं. भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन हा पेटारा आतल्या मंडळींना १२, ५ आणि ३.३ असे मोजून वाढतो. बाराचे ११.४ च्या खाली गेले किंवा १२.६ च्या वर चढले, की जेवणारे उठायला मोकळे. त्याने नव्या एसएमपीएसची किंमत सांगितल्यावर माझ्यातला डोंबिवलीकर जागा झाला आणि मी लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने एसएमपीएस मागायला गेलात तर टॅक्सीवालाही विचारात पडेल. तिथल्या दुकानदाराने दोन डबे माझ्या दोन हातांवर ठेवले. दोन्हींवर छापलेले वॅट सारखेच. "उचलून बघा," तो म्हणाला. एक जड, एक पोकळ. "वॅट काय, कुणीही छापतो. तांबं छापता येत नाही." मी जड घेतला, पिशवीचा हात बदलत बदलत घरी आणला, बसवून घेतला. दुसऱ्याच दिवशी गेला.

दुरुस्तीवाल्याने मग डबा स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून दुकानात नेला. तिथे तो तीन दिवस अहोरात्र चालला. त्यावर गाणी लावली, सिनेमे लावले, एका शाळकरी मुलाने तासन्‌तास गाड्या पळवल्या. एकदाही पापणी लवली नाही. "साहेब, मशीन झकास आहे," डबा परत आणून ठेवताना तो म्हणाला, आणि भिंतींकडे बघून आवाज खाली आणत पुढे म्हणाला, "तुमच्या घरातच काहीतरी आहे."

हे वाक्य नेमकं आमच्या मेव्हण्यांच्या कानावर पडलं. मेव्हणे वास्तू बघतात. म्हणजे पैसे घेत नाहीत, पण बघतातच. विद्युत म्हणजे अग्नी, अग्नीची दिशा आग्नेय, आणि तुम्ही बसला आहात नैऋत्येला. मग दुसरं काय होणार? मी हसलो. पण एव्हाना घरात माझ्या हसण्याला किंमत राहिली नव्हती. टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी, आग्नेय कोपऱ्यात गेलं. यूपीएस जड म्हणून तो जागचा हलवला नाही. डबा थेट भिंतीतल्या पॉइंटला लावला.

आणि कॉम्प्युटर चालू लागला! आठवडा गेला, काळा पडदा नाही. मेव्हणे रोज फोन करत आणि फक्त "काय?" एवढंच विचारत. माझ्या बुद्धिवादाचे ते फार वाईट दिवस होते. पुढे फोडणीच्या धुराने मला ठसका आणि कळफलकाला तेलाचा थर येऊ लागला, म्हणून टेबल मूळ जागी आणलं, डबा पूर्ववत यूपीएसला लावला. संध्याकाळी गेला. मेव्हण्यांनी तेव्हा काही म्हणजे काही म्हटलं नाही. ते फार लागलं.

या सगळ्याचा उलगडा खाली गेटपाशी झाला. मी पार्सल घ्यायला गेलो होतो. आमचे वॉचमन काका रजिस्टर पुढे करत म्हणाले, "साहेब, एक विचारू का? रागावणार नसाल तर."

"विचारा की."

"मी पंपाचं बटण दाबलं की तुमच्या खिडकीतून 'गेला!' म्हणून हाक येते. पहिल्या वेळी वाटलं कुणी वारलं. पण मग सारखंच यायला लागलं. म्हटलं, एका घरात इतकी माणसं कशी जातील? मोटारीचा आवाज होतो का तुम्हाला?"

मी पार्सल तिथेच टाकून वर धावलो आणि भाच्याला फोन लावला.

उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी कधी येईल, किती दाबाने येईल याचा नेम नसतो. खालची टाकी भरली की काका वरच्या टाकीसाठी पंप लावतात, म्हणून पंपाला वेळापत्रक नाही. रात्री काका झोपतात, म्हणून मेमटेस्ट निर्विघ्न. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते. आमची इमारत जुनी आणि वायरिंग इमारतीपेक्षाही जुनं असावं असं. त्यामुळे क्षणभर व्होल्टेज खाली बसतं. पूर्वी अशा वेळी पिवळा बल्ब मान टाकायचा आणि घरातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. आताचे एलईडी दिवे ढिम्म असतात, चुगली करत नाहीत. पण यूपीएसला कळायचं. तो कर्तव्यदक्षपणे 'टक' करून भिंत सोडायचा आणि कॉम्प्युटरला बॅटरीच्या हवाली करायचा. आणि बॅटरीत काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं. डबा पडायचा. तेवढ्यात यूपीएस स्वतःहून सावरून भिंतीवर परतला तर डबाही उठायचा. नाही सावरला तर दोघांचीही बटणं दाबावी लागायची. दुकानात यूपीएस नव्हता. आग्नेयेला यूपीएस नव्हता. तेवढी डुबकी एसएमपीएसने, जुन्यानेही, एकट्याने सहज मारली असती. मॉनिटर बिचारा पहिल्यापासून थेट भिंतीला, कारण यूपीएसचा दुसरा पॉइंट ढिला. मध्ये दोनदा लाईट गेले तेव्हा कॉम्प्युटरही गेला होता. पण लाईट गेल्यावर कॉम्प्युटर जायचाच, यात आम्हा कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

भाच्याच्या आग्रहाखातर प्रयोग झाला. मी टेबलाखाली कान लावून, भाचा फोनवर, काका पंपापाशी. "लावू का?" "लावा!" टक. गेला. इतक्या आनंदाने "गेला!" मी त्याआधी कधी ओरडलो नव्हतो. "परत लावा!" परत गेला. बॅटरी बाहेर काढायला घेतली तर निघेना. बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची ती शिशाची वीट दोन्ही अंगांनी फुगून आत घट्ट बसली होती. या बॅटऱ्या साधारण तीनेक वर्षं चालतात. हिच्यावरच्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलेली तारीख भाचा सातवीत असतानाची होती.

नवी बॅटरी जुनी देऊन स्वस्तात मिळाली. दुरुस्तीवाल्याचं म्हणणं पडलं, की एसएमपीएस काही वाया गेला नाही, कधीतरी लागलाच असता. मेव्हण्यांनी यूपीएस नेमका कुठे ठेवला होता ते विचारून घेतलं. "नैऋत्येला," मी म्हणालो. "तिथे जड वस्तू चालते," ते म्हणाले, "पण मेलेली नाही."

वॉचमन काकांनी मात्र ही गोष्ट मनाला लावून घेतली आहे. आपल्या बटणाने साहेबांचं काम बुडत होतं हे कळल्यापासून ते आधी आमच्या खिडकीखाली येऊन उभे राहतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "साहेब, पंप लावतोय, सेव्ह करा!" नवी बॅटरी घातली आहे, आता काही होत नाही, असं मी त्यांना समजावून पाहिलं. "असू द्या साहेब," ते म्हणाले, "बॅटरीचा काय भरवसा?" मग मीही वरून "केलं!" म्हणतो, आणि त्यानंतरच मोटार सुरू होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे कॉम्प्युटर नाही. 'सेव्ह करा' ऐकू आलं की त्या नळाखाली बादली लावतात.