पूलपती

पुण्या-मुंबईचा मराठी माणूस लोणावळा, कर्जत, मुळशी नाहीतर अलिबागकडे बंगला बांधतो. पहिल्या वर्षी तिथे आंब्याची कलमं लावतो, दुसऱ्या वर्षी झोपाळा टांगतो आणि तिसऱ्या वर्षी, मेव्हण्याने बांधला म्हणून, पोहण्याचा तलाव बांधतो. त्या दिवसापासून तो पूलपती होतो. पूलपतीला पोहता येतंच असं नाही. बहुतेक वेळा तो काठावर खुर्ची टाकून चहा पितो आणि आल्यागेल्याला तलावाची मापं सांगतो. आठ बाय चार मीटर, एका टोकाला साडेतीन फूट, दुसऱ्या टोकाला पाच, टाइल निळ्याच कारण फोटोत छान दिसतात. पंपाच्या खोलीत मात्र तो कुणाला नेत नाही. तिथे त्याचं मन रमत नाही.

त्याचं कारण त्याच्या बालपणात आहे. 'खोलीत कुणी नाही, मग पंखा काय भिंतींसाठी लावलाय?' हे ऐकत तो वाढला. पुढे पैसा आला, गाडी आली, बंगला आला, पण उठताना बटण बंद करणारं बोट तेच राहिलं. अशा माणसाला, तलावात चिटपाखरूही नसताना फिल्टरची मोटर आठ-आठ तास चालू ठेवायची असते, हे पटवणार कोण?

ते काम बंगल्यावरच्या मामांचं. मामा म्हणजे केअरटेकर, माळी, राखणदार आणि गेल्या पाच वर्षांत नाइलाजाने झालेले जलतज्ज्ञ. पूलपती कोथरूडहून फोनवर कॅमेरा लावून बसतो. जिथून गाळलेलं पाणी तलावात परत येतं, तिथे पृष्ठभाग जरा थरथरतो. ती थरथर त्याला पंचवीस मैलांवरून दिसते.

"मामा, मोटर चालू आहे का?"

"हो साहेब."

"सकाळी लावली होती ना दोन तास? पाणी तर काचेसारखं दिसतंय."

"साहेब, ते फोनात दिसतंय. इथं पायरीला हात लावला की बुळबुळीत लागतंय."

मामा जिंकतात, पण बाजी अपील कोर्टात जाते. पूलपती विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडतो. तलावात 40 हजार लिटर पाणी. एक हॉर्सपॉवरची मोटर वाळूच्या फिल्टरमधून तासाला 10 हजार लिटर ढकलते. म्हणजे चार तासांत सगळं पाणी गाळून झालं. मग आठ तास कशासाठी? मामांना वीज कंपनीकडून कमिशन आहे का?

हिशेब बिनचूक आहे, फक्त पाण्याला तो ठाऊक नाही. गाळलेलं पाणी न गाळलेल्याच्या बाजूला जाऊन शहाण्यासारखं उभं राहत नाही, त्यातच मिसळतं. लग्नाच्या बुफेत जेवून उठलेली मंडळी पुन्हा रांगेत शिरतात आणि कोपऱ्यातल्या आजी उपाशी राहतात, तसंच हे. म्हणून चार तासांनंतरही ढोबळमानाने 63 टक्केच पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं, आठ तासांनी 86 आणि बारा तासांनी 95. हे सगळं समजावून सांगितल्यावर पूलपती गंभीर होतो आणि म्हणतो, "मग दोन हॉर्सपॉवरची मोटर बसवू. निम्म्या वेळात काम तमाम."

हा त्याचा आवडता पराक्रम. मोठ्या मोटरने पाणी वाळूतून इतक्या जोरात जातं की वाळूला घाण धरायला उसंतच मिळत नाही. फिल्टर त्या मापाचा नसेल तर गाळणी नुसती नावाची उरते. वीज वाचवायचीच असेल तर उलटं करावं लागतं, मोटर हळू चालवून तास वाढवायचे. वेग कमी-जास्त करता येणाऱ्या पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मं येतं, पण वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येते. पूलपतीला हे गणित आवडतं, पंपाची किंमत ऐकेपर्यंत.

मग रात्री चालवण्याचा प्रयोग होतो. 'रात्री थंड असतं, मोटरही तापत नाही.' खरं आहे. पण शेवाळाला हवं असतं ऊन, आणि उन्हात क्लोरीनही भराभर उडून जातं. म्हणजे हल्ला होतो दुपारी बारा वाजता आणि आपलं सैन्य कामावर येतं रात्री दहाला. फ्रान्समध्ये घरगुती तलाववाले सांगतात की पाण्याचं तापमान भागिले दोन, तितके तास पंप. मे महिन्यात कर्जतला पाणी तीस अंशांवर जातं, म्हणजे पंधरा तास. हे ऐकल्यापासून पूलपती फ्रेंच लोकांबद्दल फारसं चांगलं बोलत नाही.

याच्या उलट जातीचाही एक पूलपती असतो. तो सढळ हाताचा. मोटर चोवीस तास, आणि पाणी तरी गढूळच. त्याच्या फिल्टरवर एक छोटी तबकडी असते. वाळू स्वच्छ असताना तिचा काटा दहावर असेल तर अठरा-वीसला पोचला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळूत अडकलेली घाण बाहेर काढायची. या गृहस्थाने ती तबकडी हवामानखात्याची समजून कधी पाहिलीच नाही. तुंबलेल्या वाळूतून पाणी थेंबाथेंबाने जातं आणि बिल मात्र धारेने येतं. एकदा कुणी सांगितलं म्हणून त्याने मोटर चालू असतानाच वरचा दांडा फिरवला. आतलं रबर जागचं हललं आणि तेव्हापासून त्याचं गाळलेलं पाणी बॅकवॉशच्या पाइपातून बागेत जातं. पेरू चांगले लागलेत.

आपला पहिला पूलपती मात्र शनिवारी उघडा पडतो. ऑफिसची बारा माणसं जेवायला येणार असतात. शुक्रवारी रात्री फोन जातो, "मामा, आता मोटर लावा. रात्रभर चालू दे." आठवडाभर दोन-दोन तासांवर काढलेलं पाणी तोवर कोवळ्या मेथीच्या रंगावर आलेलं असतं. सकाळी पाहुणे काठावर उभे राहून 'वा, काय हिरवाई!' म्हणतात. ते डोंगराबद्दल बोलताहेत असं पूलपती समजून घेतो.

मग खरा खर्च सुरू होतो. क्लोरीनचा मोठा डोस, भिंती घासायच्या, बसलेला गाळ व्हॅक्यूमने ओढायचा, दोन-दोनदा बॅकवॉश, आणि काटकसरीने जपलेली ती मोटर तीन दिवस, तीन रात्री अखंड. तेवढ्याने भागलं तर नशीब. नाहीतर सगळं पाणी उपसून दहा हजार लिटरचे चार टँकर, तेही मे महिन्यात, जेव्हा टँकरवाला फोन उचलतो हीच मेहेरबानी. आठ तासांच्या मोटरला दिवसाला आठेक युनिट लागतात. पंधरा रुपये युनिट धरलं तरी महिन्याचे 3,600 रुपये. पूलपतीने त्या शनिवारच्या नुसत्या पनीर टिक्क्यावर याहून जास्त घातलेले असतात, पण पनीर दिसतं. पंपाच्या खोलीतला खर्च कुणाला दिसत नाही, आणि न दिसणारा खर्च म्हणजे वायफळ, अशी आपल्या लोकांची जुनी समजूत आहे.

माझं मत मामांच्या बाजूचं आहे. एरवी दिवसाउजेडी आठ तास, थंडीत सहा चालतील, उन्हाळ्यात आणि माणसं पोहून गेल्यावर बारा. पावसाळ्यात ऊन नसलं तरी पाचोळा आणि माती येते, त्यामुळे तेव्हाही सुट्टी नाही. एवढं जमणार नसेल तर तलाव बुजवून त्यात अळू लावावं, वड्या तरी होतील.

तुम्हाला अशा बंगल्यावर पोहायचं बोलावणं आलं तर पूलपतीला 'पाणी स्वच्छ आहे का?' असं विचारू नका, तो हो म्हणेल. मामांचा नंबर घ्या आणि काल मोटर किती तास चालली ते विचारा. उत्तर चारच्या खाली आलं तर पोहण्याचे कपडे घरी ठेवा आणि सरळ जेवायच्या वेळेला जा.